मिशी खरी निघाली

ये गं माय, या लिहिण्यातच का होईना, जवळ ये. ही गोष्ट दारात उभं राहून ऐकायची नाही. आणि बसायच्या आधी थोडी बोलणीही खाऊन घे. नागपूरला कायदा शिकायला गेलीस तेव्हापासून आजीला तू काय पाठवतेस? पिवळा अंगठा. मी चष्मा पुसून पुसून मोबाइलवर एकेक अक्षर शोधावं, गावभरची खबर लिहून पाठवावी, आणि उत्तर म्हणून तुझा अंगठा यावा. अंगठा आम्ही सही येत नव्हती तेव्हा लावायचो गं. तुम्ही शिकूनसवरून तिथंच आलात.

परवा मात्र अंगठ्याच्या जागी सवाल आला. कॉलेजात वादविवाद आहे म्हणे. देशाच्या सुरक्षेसाठी सरकारनं लोकांवर नजर ठेवावी, फोन ऐकावे, की माणसाचं खाजगीपण जपावं? आजी, तुझं मत पटकन सांग. पटकन! मी आयुष्यात भाजीत मीठ किती घालायचं हेसुद्धा कोणाला पटकन सांगितलं नाही. मतबित मला काही सुचत नाही. जे झालं ते सांगते, मत तुझं तू काढ. नावं कोणाचीच लिहीत नाही. काहून, ते पुढं कळेल.

आमच्या घाटंजीच्या घराला लागून भाभीचं घर. तू तिच्या मांडीवर वाढलीस, तुला काय सांगायचं. पण हे दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्याला कळावं म्हणून लिहिते. भाभीचा नवरा ट्रॅक्टर दुरुस्तीचा मिस्त्री. दोन घरांच्या मधे कंबरेएवढी भिंत. भिंत कसली, वाट्या ठेवायचा ओटाच तो. तिकडून ईदचा शिरखुर्मा येतो, इकडून बुद्धपौर्णिमेची खीर जाते, आणि बाकी वर्षभर एकमेकींच्या भाजीला नावं ठेवत दोन्हीकडच्या वाट्या रिकाम्या होतात.

भाभीची एकुलती लेक लग्न होऊन मस्कतला गेली. बरीच वर्षं पोर नव्हतं. मग दिवस राहिले, आणि भाभीचे पाय जमिनीवर राहीनात. लेकीला सासू नाही, तिथं आपलं कोणी नाही. ती रोज फोनवर रडायची, "अम्मी, मेरेको तुमीच होना." म्हणून भाभीनं पासपोर्टला अर्ज केला. जिनं यवतमाळच्या पुढं पाय टाकला नव्हता, ती बाई बाळंतपणासाठी समुद्र ओलांडून निघाली. थंडी सरता सरता लेकीचे दिवस भरणार होते. त्याच्या आत भाभी तिथं पोचली पाहिजे, एवढीच त्या घरात काळजी होती. आम्ही दोघी डिंक तळत होतो, खारीक कुटत होतो, आणि पोलीस पडताळणी कधी येते याची वाट पाहत होतो.

आता बहुरूप्याचं सांगते. तुला वाटेल आजी भरकटली. नाही भरकटली.

दिवाळीनंतर कापूस घरात यायला लागला की आमच्याकडे बहुरूपी येतो. तो एका दिवसात येऊन जात नाही. चांगला आठवडाभर मुक्काम टाकतो आणि रोज नवं सोंग काढतो. एक दिवस डॉक्टर, एक दिवस वीज कापायला आलेला माणूस, आणि इन्स्पेक्टरचं सोंग तर ठरलेलंच. शेवटल्या दिवशी तोंड स्वच्छ धुऊन, आपल्या घरच्या कपड्यात येतो, हात जोडतो आणि म्हणतो, "माय, इतके दिवस येत होतो तो मीच." मग आपण त्याला जवारी, कापूस, जुनं लुगडं, जमेल ते द्यायचं. आजकाल बिचाऱ्याला गावात शिरायच्या आधी ठाण्यात नोंद करावी लागते आणि गळ्यात ओळखपत्र अडकवावं लागतं, कारण अनोळखी माणूस दिसला की लोक घेरतात. म्हणजे आधी मी कोण हे सिद्ध करायचं, आणि मग मी तो नाहीच असं करून दाखवायचं. कठीण धंदा झाला बापा.

या खेळाची एक रीत आहे. त्यानं आरोप करायचा, आपण नाही म्हणायचं नाही. आपण कबूल करायचं आणि वरून दोन वाढवून सांगायचं. त्या वर्षी तो इन्स्पेक्टर होऊन आला, काठी आपटून म्हणाला, "तुमच्या कोंबडीनं शाळेच्या अंगणात घाण केली, वारंट आहे." मी म्हटलं, "साहेब, कोंबडी एकटी नव्हती. कोंबडा बी सामील होता. दोघायलेबी न्या." भाभी भिंतीपलीकडून म्हणाली, "और अंडे को भी ले जाव, वो गवाह है." गल्ली हसून हसून बसली. जाताना तो डोळे मिचकावून म्हणाला, "उद्या साध्या कपड्यात येतो, आजी. ओळखून दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात जवारी पाखडत बसले होते, तर एक माणूस आला. फिकट शर्ट, सुटलेलं पोट, जाडजूड मिशी, आणि पायात चकचकीत तपकिरी बूट. मी मनात म्हटलं, आला. सोंग चांगलं काढलं, पण लेकाचा बूट बदलायला विसरला. कालचे पोलिसाचेच घालून आला.

"आजी, शेजारी कोण राहतं?"

"तुमाले कायले पायजे?"

"चौकशी आहे. वरून आली आहे."

"वरून आली? मंग बसा ना. वरच्या चौकशीले असं उन्हात उभं नाई ठेवत."

त्यानं खिशातून ओळखपत्र काढून दाखवलं. मी तर कौतुकानं हसलेच. म्हटलं, कार्डसुद्धा आणलं पोट्ट्यानं! तो बसला, मोबाइल काढून मांडीवर ठेवला आणि हळू आवाजात विचारू लागला.

"त्यांना परदेशातून फोन येतात का?"

"येतात म्हंजे? दिवसातून तीनदा हुकूम सुटतात तिकडून."

तो पुढं सरकला. "कसले हुकूम?"

"ते काय मले सांगते का? पण हुकूम आला का बाई हातातलं काम टाकून पळते."

"घरात कोणी येतं जातं?"

"माणसंच माणसं. हातात ये मोठे मोठे पाने घेऊन." गॅरेजवरची पोरं पाने-पक्कड घेऊनच जेवायला यायची ती.

"घरात काही संशयास्पद?"

आता सांग, असा सवाल विचारल्यावर मी गप्प बसणारी बाई आहे का? मी सुपातली जवारी थांबवली, इकडं तिकडं पाहिलं आणि त्याच्या कानाशी गेले. "पोटमाळ्यावर तोफ हाय."

"काय?"

"तोफ. दर शुक्रवारी तिले तेल पाजते. इथलं काम उरकलं का तिकडं निघून जाचा बेत हाय तिचा."

"आणि हे तुम्हाला कसं माहीत?"

"मी तिची साथीदार हावो ना! भिंतीवरून रसद कोण देते मंग?"

त्या माणसाचा चेहरा असा झाला की मी खूश. म्हटलं, काय सोंग वठवलं, हसूसुद्धा दाबून धरलं पठ्ठ्यानं! आणि मग, पोरी, मी हात पुढं केला आणि त्याची मिशी धरून ओढली.

"ओ आजी!"

"लई पक्की चिकटवली रे बावा. काय लावते, डिंक?"

तो ताडकन उठला, डोळ्यांत पाणी. मी सूपभर जवारी त्याच्यापुढं धरली. "घे, लाजू नको. आजचं सोंग एक नंबर होतं." तो जवारी न घेता गेला. मला वाटलं, शेवटल्या दिवसाशिवाय घेत नाही, रीत पाळते बिचारा.

उन्हं कलायच्या आधी दारात दुसरा माणूस. पांढरा सदरा, हातात छत्री, गळ्यात ओळखपत्र, मास्तर शोभावा असा. "ओळखलं काय, आजी?"

मी म्हटलं, "तू तं सकाळीच येऊन गेला ना?"

"मी? मी आता तं निघालो घरून."

मी त्याच्या ओठाकडं पाहिलं. मिशी नव्हती. तुला सांगते, सुपासकट खाली बसले.

तशीच भिंतीपाशी गेले आणि भाभीला सगळं सांगितलं. भाभी आधी माझ्याकडं पाहत राहिली, आणि मग हसायला लागली ती थांबेचना. "तोप? मेरे घर में? और तुमने उसकी मूछ खींची?" पदर तोंडात कोंबून हसली, मला टाळ्या देऊन हसली. मीही हसले. हसता हसता माझी नजर मिस्त्रीकडं गेली. ते ओट्यावर बसून हात पुसत होते. ते हसले नव्हते. हातातलं फडकं खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या घरात ही गंमत आहे. आमच्या घरात नाही."

एवढंच बोलले. आतापर्यंत त्या माणसाचं एक वाक्य मला लागलं असेल तर ते हे.

तो माणूस ठाण्याच्या गोपनीयचा जमादार होता. म्हणजे गावात कोण आलं, कोण काय करतं, याची खबर ठेवणारा. त्या दिवसांत दूर कुठल्या शहरात स्फोट झाला होता, टीव्हीवर दिवसभर तेच. वरून हुकूम आले असतील, बाहेरदेशातून फोन येणाऱ्यांची माहिती काढा. त्यात भाभीचा पासपोर्टचा अर्ज. दोन्ही धागे एकाच घराशी येऊन थांबले, आणि तिसरा मी माझ्या तोंडानं जोडला.

थोड्या दिवसांनी भाभीच्या घरी माणसं आली. नीट बोलली, चपला बाहेर काढल्या, दार लोटून विचारलं. पोटमाळ्यावर चढून पाहिलं. निघाल्या लोणच्याच्या बरण्या, एक मोडकं शिलाई मशीन आणि लेकीच्या लहानपणचा पाळणा. तो पाळणा भाभी बांधून मस्कतला न्यायची म्हणत होती. वाईट कोणी वागलं नाही, खोटं कशाला सांगू. पण पडताळणी तिथंच अडकली. "चौकशी चालू आहे" एवढंच उत्तर. आणि तिकडं लेकीचे दिवस भरत चाललेले.

दोन दिवस भिंतीवर वाटी आली नाही. तिसऱ्या दिवशी भाभीच आली. "बाई, हँसी तो मेरेको अब भी आती. पर मेरी बेटी अकेली है वहाँ."

मी म्हटलं, "चाल. मी घातलं, मी काढते."

निघताना सोबत लाडवांचा डबा घेतला. ठाण्यात एक बाई साहेब होत्या, नव्यानं आलेल्या, तुझ्याहून थोड्या मोठ्या असतील. मी जयभीम घातला आणि डबा टेबलावर ठेवला. "हा मुद्देमाल. याच्यासाठी तिकडून हुकूम येतात."

त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला आणि कागद काढून वाचला. मला वाटलं मी बोलले तेच असेल. पण ते ऐकून मीच घाबरले. त्यात होतं, शेजारील महिलेच्या सांगण्यानुसार सदर घरास परदेशातून नियमित आदेश प्राप्त होतात. घरात अवजड शस्त्र असल्याचे समजते. सदर महिला स्वतः साथीदार असल्याचे मान्य करते.

मी म्हटलं, "अवजड शस्त्र म्हंजे?"

"तोफ," बाई साहेब म्हणाल्या. त्यांचे ओठ हलत होते, पण वर्दीची आण होती.

"अवं, पण मी हसत होती ना तवा!"

"कागदावर हसणं उमटत नाही, आजी."

तो जमादार बाजूलाच उभा होता. म्हणाला, "मॅडम, मी यांना ओळखपत्र दाखवलं होतं."

"दाखवलं," मी म्हटलं, "पण बहुरूप्याचं तुमच्याहून चांगलं हाय. त्याचा फोटो तं ओळखू येते."

भाभीनं मला कोपरानं ढोसलं. मग बाई साहेबांनी त्याला मोबाइलवरचं बोलणं लावायला सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. माझा आवाज, जवारीची खसखस, कोंबडीचं ओरडणं, माझं खिदळणं, आणि शेवटी ते "ओ आजी!" एक शिपाई तर पाणी प्यायला म्हणून बाहेर पळाला. बाई साहेबांनी कपाळाला हात लावला, हसल्या, आणि पुन्हा सरळ बसल्या.

बघ हं, तुझ्या वादविवादाला कामाचं आहे हे. मला अडकवलं त्या मोबाइलनं, आणि सोडवलंही त्यानंच. अख्खं ऐकलं म्हणून सुटले. नुसता गोषवारा राहिला असता तर मी तोफवाली म्हणूनच मेले असते.

"मंग आता ते पुसून टाका," मी म्हटलं.

"पुसता येत नाही. जिल्ह्याला गेलंय. मी तुमचा नवा जबाब मागे जोडून पाठवते, आणि झडतीत काही मिळालं नाही हेही लिहिते."

"म्हंजे पयलं तसंच राह्यते?"

"राहतं."

"किती वर्सं?"

त्यांनी कागद परत फायलीत ठेवला. "खरं सांगू? मलाही माहीत नाही."

खोटं बोलली नाही पोरगी, तिथंच मला आवडली. मग तिनंच विषय काढला. म्हणाली, "आजी, तुम्हाला वाटत असेल आम्ही उगाच छळतो. पण ते स्फोटाचं बघा. ज्यानं तो केला त्याच्या शेजाऱ्यांना आधी कोणी जाऊन विचारलं असतं तर? आम्ही विचारलं नाही आणि काही झालं, तर पहिल्यांदा तुम्हीच म्हणाल, पोलीस झोपले होते का?"

मी नाही कशी म्हणू? मागं आठवडी बाजारात एक बेवारस पिशवी सापडली, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडले होते, पोलीस कुठं मेले म्हणून. पिशवीत निघाल्या वाळल्या मिरच्या. पण उघडेपर्यंत कोणाला माहीत होतं? राखण नको असं कोणतं शहाणं माणूस म्हणेल? कापसाच्या गंजीपाशी आपणसुद्धा जागल्या ठेवतोच की.

तेच मी तिला म्हटलं. "राखा बाई. विचारा. नाई कोण म्हणते? पण एक सांगा. आमचा बहुरूपी आठवडाभर आमाले बनवते, पण आखरीच्या दिवशी तोंड धुऊन येते आन् सांगते, मीच होतो. तुमच्यातलं कोणी असं येते काय? बाई, तुझा फोन इतके दिवस ऐकला, काही निघालं नाई, आता बंद केला, असं सांगाले?"

"नाही."

"काहून?"

"सांगितलं तर ज्याच्यावर खरा संशय आहे तोही सावध होईल."

"त्याले नका सांगू. जिच्या माळ्यावर लोणचं निघालं तिले तं सांगा."

ती हसली. "हे वर कोणीतरी बोलायला पाहिजे."

"मंग बोला ना तुम्ही."

"माझं वर कोण ऐकतं, आजी?"

"फोनवर बोला. ऐकते कोणी ना कोणी."

या वेळेला जमादारसुद्धा हसला. मिशीवर हात ठेवूनच हसला, तेवढा सावध झाला होता. मुद्देमालातले दोन लाडू तिथंच राहिले. लाच म्हणू नकोस, पुरावा तपासून पाहिला त्यांनी.

नवा जबाब झाला, कागद वर गेले. पण वर गेलेला कागद खाली यायला किती वेळ लागतो ते तुझ्या पुस्तकात लिहिलं नसेल. आणि मधल्या काळात एक वेगळंच होऊन बसलं. भाभीच्या मनात घुसलं की आपला फोन ऐकतात. ऐकत होते की नाही, देव जाणे, आपण तर देवही मानत नाही. कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. तुला मी फोन केला तेव्हा तू समजावलंस की तसा कोणाचाही फोन ऐकता येत नाही, मोठ्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, ती बरोबर की चूक हे पाहायला समिती असते. मी विचारलं, समितीत कोण? तू म्हणालीस, मोठे अधिकारीच. म्हणजे सुनेची तक्रार ऐकायला पंचायत बसली, आणि सगळ्या पंच सासवाच! तू हसलीस, पण नाही म्हणाली नाहीस.

तर भाभी. लेकीचा फोन आला की आधी म्हणायची, "साब, सलाम. बेटी से बात कर रही हूँ. बुरा नको माना." मग लेकीशी. पहिल्यांदा आम्ही हसलो. ती फोन ठेवतानाही "अच्छा साब, खुदा हाफिज" म्हणायची. मी चिडवायचे, "जवाई आला काय वं तुझा, इतकी अदब करून राह्यली?"

पण मी भिंतीपाशी बसून ऐकत होते ना. बोलणं आटत चाललं होतं. आधी मायलेकी काय काय बोलायच्या! पोट कुठं ताणतं, पोर कुठल्या कुशीत लाथ मारतं, छातीला काय लावायचं. आता नुसतं, जेवली का, झोपली का, ठीक है. एक दिवस लेकीनं विचारलं, "अम्मी, दर्द कैसा होता? शुरू हुआ ये कैसा समझना?" फोन मोठ्या आवाजावर होता, मी स्वतः ऐकलं. भाभीनं पदर डोक्यावर ओढला, जसं कोणी परका पुरुष खोलीत आला आहे, आणि म्हणाली, "बाद में बताती, बेटा."

बाद में कधी? पासपोर्ट आल्यावर? आणि पासपोर्ट कधी?

तुला सांगते, माझं हसू तिथं संपलं. घराची झडती घेतली, ते मला समजलं. सवाल विचारले, तेही समजलं. पण पहिलटकरीण पोर परदेशात एकटी बसून आईला कळांचं विचारते आणि आई लाजून गप्प बसते, कारण कोणीतरी ऐकत असेल. कदाचित. नुसतं कदाचित! याच्यात देशाचं काय राखलं गेलं, ते मला कोणी समजावून सांगावं.

मी भिंतीवरून हात घालून फोन ओढला. "ऐक पोट्टी," मी म्हटलं, "मावशी बोलून राह्यली. आन् साहेब, तुमी असान तं तुमी बी ऐका, घरी बायकोले कामी येईन." आणि मग मी सगळं सांगितलं. कळ कंबरेतून कशी निघते, खोटी कोणती, खरी कोणती, पाणी गेलं तर काय करायचं, कधी नवऱ्याला हाक मारायची, श्वास कसा सोडायचा. काही म्हणता काही ठेवलं नाही. मधे भाभी "हाय अल्ला, बाई!" म्हणून तोंड लपवत होती आणि बोटांच्या फटीतून ऐकत होती. शेवटी तिलाच राहवलं नाही. "नहीं नहीं, वैसा नहीं," म्हणून फोन हिसकावला आणि स्वतः सांगायला लागली. पदर खांद्यावर आला, हात हलायला लागले. साहेबांना सलाम करायची आठवणही राहिली नाही. लेक तिकडं हसत होती, रडत होती.

एवढं मात्र जमलं. पासपोर्ट वेळेवर आला नाही.

पोर आधी आलं. मुलगी झाली. भाभीनं नातीला पहिल्यांदा पाहिलं ते भिंतीवर पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या मोबाइलमध्ये. आम्ही तिघं, मिस्त्री, ती आणि मी, डोकी एकत्र करून बघत होतो. चित्र मधेच थिजायचं, आणि नात कपाळावर आठी घालून तशीच राहायची. मिस्त्री म्हणाले, "बिलकुल नानी." भाभीनं त्यांना चापट मारली आणि आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली, डोळे धुऊन. मला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पासपोर्ट आला तेव्हा ती जाईना. "अब क्या जाऊँ? बच्ची तो आ गई." मी आणि मिस्त्रींनी ढकलून ढकलून पाठवली. बाळंतपण काय पोर झाल्यावर संपतं? शेक कोण देईल, अंग कोण चोळील? पाळणा विमानात घेत नाहीत म्हणाले. भाभीनं त्याच्या दोऱ्या तेवढ्या सोडून पिशवीत टाकल्या. ती पोचली तेव्हा नात मान धरायला लागली होती.

आता तिचं घर बंद असतं. मिस्त्री गॅरेजवर जातात, दुपारी माझ्याकडं जेवतात आणि माझ्या भाजीला नावं ठेवतात, तेवढं काम त्यांनी बायकोकडून घेतलं आहे. भाभीचा फोन येतो. अजूनही एखाद्या दिवशी जुन्या सवयीनं "साब" म्हणून जाते.

दिवाळीच्या आधी ती परत येते आहे. लेक आणि नातही सोबत. आणि इथंच माझी अडचण आहे गं. त्या लेकीला अजून कोणी सांगितलेलं नाही की तिच्या अम्मीला कशामुळं उशीर झाला. तिला वाटतं सरकारी काम, असंच चालतं. भाभी सांगणार नाही, मिस्त्री तर नाहीच नाही. मलाच सांगायचं आहे, आणि फोनवर सांगायचं नाही. ती पोरगी समोर बसलेली असताना, तिची लेक माझ्या मांडीवर नसताना, म्हणजे रागावली तर नीट रागावता येईल तिला, तेव्हा सांगायचं आहे. एकटीनं मला ते जमेल असं वाटत नाही. बाजू मांडायला घरचा वकील पाहिजे. तू अजून अर्धीच झालीस, पण अर्धी चालेल.

म्हणून म्हणते, वादविवाद झाला, हरलीस का जिंकलीस, की ये. परीक्षा आहे, असाइनमेंट आहे, असं काही पाठवू नकोस. अंगठा तर मुळीच नको. ती यायच्या आधी दोन दिवस ये, म्हणजे काय बोलायचं ते आपण दोघी भिंतीपाशी बसून ठरवू. लवकर ये गं.